जेरेमी ब्रेटला होम्सनं खाल्लं, असं म्हणणाऱ्यांसाठी

केतकी_वाचते

शेरलॉक होम्सवरच्या कुठल्याही धाग्यावर दहा-बारा प्रतिसाद झाले की कुणीतरी हे टाकतंच: "ब्रेटला त्या भूमिकेनंच खाल्लं हो. होम्स करता करता डोक्यावर परिणाम झाला आणि गेला बिचारा." परवा कंबरबॅचच्या (बीबीसीच्या 'शेरलॉक'मधला होम्स) धाग्यावर पुन्हा तेच झालं. तिथं अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. माझं म्हणणं आधीच सांगते. त्याचा आजार भूमिकेतून आला नाही आणि भूमिकेतली जादू आजारातून आली नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या, त्याही एकाच काळात, म्हणून आपण त्यांची गाठ मारून टाकली.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: ब्रिटनच्या ग्रनाडा टेलिव्हिजनची होम्स मालिका १९८४ ते १९९४ या काळात आली. एकूण ४१ भाग, त्यातले पाच लांबलचक चित्रपटाएवढे. त्यातला होम्स म्हणजे जेरेमी ब्रेट. आपल्यातल्या बहुतेकांनी होम्स आधी मराठी अनुवादातून वाचला आणि ब्रेटला खूप नंतर यूट्यूबवर पाहिलं. तरीही पाहता क्षणी "हाच तो" असं वाटलं, हे मी इथंच कितीतरी जणांकडून ऐकलंय.

त्याचं खरं नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. जन्म ३ नोव्हेंबर १९३३, वॉरिकशरमधल्या बर्कस्वेल गावी. चार भावांत धाकटा. वडील लष्करात कर्नल, घर खानदानी, शिक्षण ईटनला. तिथं अभ्यासात पार बोऱ्या वाजला. डिस्लेक्सिया होता, हे पुढं त्यानंच सांगितलं. त्यात भर म्हणजे 'र' म्हणता येत नसे. नट व्हायचंय आणि जीभ वळत नाही! किशोरवयात शस्त्रक्रिया झाली, पण ती नुसती सुरुवात. त्यानंतर वर्षानुवर्षं उच्चारांचा रियाज, आणि तो नाव झाल्यावरही सुटला नाही. होम्सच्या तोंडची ती धारदार, प्रत्येक व्यंजन सुटं ऐकू येणारी इंग्रजी आठवा. ती जन्मजात देणगी नाही, बोबड्या मुलानं घासून घासून मिळवलेली आहे. "वेडातून आलेली प्रतिभा" म्हणणाऱ्यांना मी हा मुद्दा पहिल्यांदा दाखवते.

मुलानं नाटकात जावं हे कर्नलसाहेबांना मंजूर नव्हतं. घराण्याचं नाव रंगभूमीवर नको, असं ठरलं. मग त्यानं आपल्या पहिल्या सुटाच्या आतल्या लेबलावर शिंप्याचं नाव वाचलं, 'ब्रेट अँड कंपनी', आणि तेच उचललं.

पुढचं भराभर सांगते, कारण ते आपला विषय नाही. १९५४ मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररी थिएटरमध्ये पहिलं व्यावसायिक काम. १९५६ च्या 'वॉर अँड पीस'मध्ये ऑड्री हेपबर्नचा भाऊ निकोलाय. १९६१ मध्ये लंडनला हॅम्लेट. 'माय फेअर लेडी'तला तो प्रेमात बुडालेला फ्रेडी, तोही हाच. गंमत म्हणजे त्याचं गाणं दुसऱ्याच गायकाच्या आवाजात आहे आणि ब्रेटला स्वतःला उत्तम गाता येत असे. साठच्या दशकाच्या शेवटी ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये. १९७९ मध्ये बीबीसीच्या 'रेबेका'त मॅक्सिम. लॉस एंजेलिसमधल्या एका नाटकात तर तो वॉटसन होता आणि चार्ल्टन हेस्टन होम्स! म्हणजे ग्रनाडानं बोलावलं तेव्हा पन्नाशीला टेकलेला, सगळं पचवून बसलेला नट होता तो. कुणी कोवळा पोरगा भूमिकेच्या तावडीत सापडला, असा प्रकार नाही.

निर्माता मायकेल कॉक्सचा हट्ट होता की मूळ लेखक कॉनन डॉइलनं लिहिलंय तसंच करायचं. त्यासाठी 'बेकर स्ट्रीट फाइल' नावाचं ७७ पानांचं टाचण तयार केलं होतं. होम्स काय खातो, कसा बसतो, कोणत्या मूडमध्ये कोणता पाइप ओढतो, सगळं. ब्रेट त्याच्याही पुढचा. मूळ कथांचं पुस्तक सेटवर घेऊन यायचा आणि संवाद मुळापासून सुटला की दिग्दर्शकाशी वाद घालायचा. मूळ कथा ज्यात छापून आल्या त्या 'स्ट्रँड' मासिकातल्या सिडनी पॅजेटच्या चित्रांमधल्या बैठकी जशाच्या तशा उचलल्यात. डॉइलनं न लिहिलेलं होम्सचं बालपणही त्यानं मनाशी रचलं होतं: मायेचा स्पर्श न मिळालेला मुलगा, घासूनपुसून आंघोळ घालणारी पण कधी पापा न घेणारी दाई. हे पडद्यावर कुठंच येत नाही. तरी त्याचा होम्स कुणी जवळ आलं की अर्धा पाऊल मागं का सरकतो, ते यावरून कळतं.

आता मूळ मुद्दा. ब्रेटची दुसरी पत्नी जोन विल्सन बोस्टनच्या सार्वजनिक टीव्ही केंद्रात निर्माती होती. तीच तिकडं ब्रिटिश मालिका अमेरिकनांना दाखवायची. जुलै १९८५ मध्ये ती कर्करोगानं गेली. ग्रनाडानं तेव्हा 'द फायनल प्रॉब्लेम' केलेला होता, स्वित्झर्लंडच्या खऱ्याखुऱ्या रायशेनबाख धबधब्यावर जाऊन. होम्स दरीत पडला, घरी बायको गेली. आणि पुढचं काम काय, तर 'द एम्प्टी हाउस', म्हणजे होम्स मेलेला नव्हताच, परत आला! जगानं ज्याच्यासाठी तीन वर्षं दुखवटा पाळला तो दारात हसत उभा राहतो, हे दृश्य त्यानं स्वतःच्या सुतकाच्या काळात केलंय. ते पुन्हा पाहा. मी त्यावर आणखी काही लिहीत नाही.

त्या भागांचं काम संपवून १९८६ मध्ये तो कोसळला. इस्पितळात दाखल झाला, निदान झालं मॅनिक डिप्रेशन, म्हणजे आज ज्याला आपण बायपोलर म्हणतो ते. लिथियम हे औषध सुरू झालं. वजन वाढत गेलं, चेहरा सुजला, हालचाली मंदावल्या. त्यात लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापानं हृदय आधीच दुखावलेलं, वर सिगारेटी भरमसाट. तरी १९९४ पर्यंत तो काम करत राहिला. १२ सप्टेंबर १९९५ रोजी लंडनमध्ये क्लॅपमच्या घरी हृदय बंद पडून गेला. वय ६१.

आता बोला.

जुना_वाडेकर

केतकीताई, लेख आवडला. पण एका ठिकाणी अडलो. तुम्ही भूमिकेला फारच निर्दोष सोडता. तो स्वतः होम्सला चंद्राची काळी बाजू म्हणायचा. काही काळ तर नावसुद्धा घेत नसे, 'तुम्हाला माहीत आहे तो' असं म्हणायचा. नाटकवाले अंधश्रद्धेनं 'मॅकबेथ'चं नाव घेत नाहीत तसंच. दहा वर्षं रोज सकाळी एका एकलकोंड्या, कोकेन टोचून घेणाऱ्या, बाईमाणसापासून दूर पळणाऱ्या माणसाच्या अंगात शिरायचं, आणि त्याचा काहीच परिणाम नाही? मी हौशी रंगभूमीवर थोडीफार कामं केलीत. प्रयोगानंतर दोन तास झोप येत नाही, हे मला माहीत आहे.

केतकी_वाचते

काका, परिणाम नाही असं मी म्हटलेलं नाही. थकवा येणं निराळं आणि बायपोलर होणं निराळं. आणि मधे १९८८-८९ मध्ये मालिकेतून सुटका होती तेव्हा त्यानं काय केलं? लंडनच्या विंडमज थिएटरमध्ये जेरेमी पॉलनं लिहिलेलं दोन पात्रांचं होम्स-वॉटसनचंच नाटक, मालिकेतला वॉटसन एडवर्ड हार्डविक याच्याबरोबर, जवळपास वर्षभर! ज्या भूमिकेचा इतका जाच होतो तिच्यासाठी कुणी वर्षभर संध्याकाळी रंगमंचावर उभं राहतं का?

जुना_वाडेकर

राहतं. व्यसन लागलं की राहतं.

रेवा_मनोविकार

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणून दोन शब्द. ब्रेट माझा रुग्ण नव्हता, तेव्हा जे सर्वसाधारणपणे खरं आहे तेच लिहिते.

कुठलीही भूमिका बायपोलर आजार निर्माण करत नाही. त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. मोठा आघात, जवळचा मृत्यू, झोपेचं खोबरं, यानं एखादा झटका सुरू होऊ शकतो किंवा बळावू शकतो. १९८५-८६ चा क्रम वाचला तर पत्नीचा मृत्यू आणि लगेच अंगावर घेतलेलं प्रचंड काम, एवढं पुरेसं आहे. त्याला काळ्या बाजूची गरज नाही. वाडेकरकाका, रंगभूमीवरून आल्यावर तुम्हाला झोप लागत नाही ती अॅड्रेनलिनमुळं. सकाळी तुम्ही ठणठणीत असता ना?

दुसरं लिथियमबद्दल, कारण चाहत्यांच्या लिखाणात त्याला सरसकट खलनायक केलेलं असतं. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये या आजारावर ते वापरून पाहिलं. आज इतकी नवी औषधं आली तरी ते टिकून आहे, कारण ते चालतं. आत्महत्यांचं प्रमाण कमी करणारं म्हणून त्याचा लौकिक आहे. अडचण एवढीच की उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात अंतर फार थोडं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. खाली गेली तर गुण नाही, दीडच्या वर गेली तर विषबाधेची भीती. म्हणून ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं, मूत्रपिंड आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवावं लागतं. तहान लागणं, हात थरथरणं, वजन वाढणं हे दुष्परिणाम असतात.

ब्रेटच्या बाबतीत मात्र दुखणाईत हृदयही होतं. हृदय नीट पंप करत नसेल तर अंगात पाणी साठतं आणि सूज येते. ते पाणी काढायला जी औषधं देतात त्यातली काही लिथियमची पातळी वाढवतात. एक सावरायला जावं तर दुसरं बिघडतं. तेव्हा "लिथियमनं त्याचा चेहरा बिघडवला" हे अर्धवट आहे. आणि कृपा करून, हा धागा वाचून कुणी स्वतःची गोळी बंद करू नका. आमच्याकडं असे लोक येतात.

केतकी_वाचते

डॉक्टर, मनापासून आभार. हृदय आणि लिथियमची ही ओढाताण मला नेमकी मांडता येत नव्हती.

बेकरी_स्ट्रीट

मी जरा कडू बोलणार आहे. शेवटची तीन वर्षं बघवत नाहीत. 'द लास्ट व्हॅम्पायर', 'द एलिजिबल बॅचलर', दोन्ही १९९३ चे. डॉइलची वीस पानांची कथा, तिला फुगवून दोन तासांची केली, त्यात स्वप्नं घातली, भुतं घातली. जो माणूस मुळातल्या स्वल्पविरामासाठी भांडायचा त्याच्याच तोंडी हे! आणि तो स्वतः धापा टाकतोय. हे ग्रनाडाच्या लोकांना दिसत नव्हतं? मला तर यात सरळ धंदा दिसतो. होम्स अमेरिकेत विकला जात होता, म्हणून आजारी माणसाला उभं केलं.

मँचेस्टरवासी

@बेकरी_स्ट्रीट, कथा फुगवल्या याबद्दल शंभर टक्के सहमत. तोवर कॉक्स बाजूला झाले होते, निर्मिती जून विंडम डेव्हिस यांच्याकडं होती, आणि टीव्ही कंपन्यांना तेव्हा दोन तासांचे भाग हवे होते. पण "उभं केलं" यात पूर्ण सत्य नाही. १९९४ च्या 'द मॅझरिन स्टोन'च्या वेळी ब्रेट इस्पितळात होता, तेव्हा त्याला खेचून आणलं नाही. कथाच फिरवली आणि होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट याच्याकडं तपास दिला. चार्ल्स ग्रेनं ते निभावून नेलं. ब्रेट सुरुवातीला आणि शेवटी अगदी थोडा दिसतो. त्याच हंगामातल्या 'द गोल्डन पिन्सनेझ'ला हार्डविक दुसऱ्या चित्रपटात अडकला, तर वॉटसनच्या जागी पुन्हा मायक्रॉफ्टच. थोडक्यात ग्रे साहेबांनी दोन्ही हिरोंची बदली ड्यूटी केली.

अवांतर: बेकर स्ट्रीटचा तो रस्ता लंडनमध्ये नव्हताच. इथं मँचेस्टरला ग्रनाडाच्या आवारात उभारला होता, 'कोरोनेशन स्ट्रीट' या मालिकेच्या सेटशेजारी. १९८८ पासून काही वर्षं तिकीट काढून लोक त्यात फिरायचेसुद्धा. आता त्या आवारात अविवा स्टुडिओज नावाचं भलंमोठं कलाकेंद्र आहे, २०२३ मध्ये उघडलं. आणि केतकी यांनी लिहिलेलं लायब्ररी थिएटर याच गावातलं. म्हणजे ज्या शहरात त्याला पहिला पगार मिळाला तिथंच तो पुढं होम्स झाला.

बेकरी_स्ट्रीट

मायक्रॉफ्टची गोष्ट माझ्याच बाजूची आहे हो. मुख्य नट इस्पितळात आहे म्हणून तुम्ही चित्रीकरण थांबवत नाही, भाऊ आणून बसवता. ही माणुसकी झाली का वेळापत्रक?

मँचेस्टरवासी

दोन्ही. टीव्हीत नेहमी दोन्हीच असतं.

केतकी_वाचते

@बेकरी_स्ट्रीट, थांबवलं असतं तर काय झालं असतं, याचाही विचार करा. पत्नी गेलेली, मुलगा मोठा होऊन आपल्या मार्गाला लागलेला. काम काढून घेतलं असतं तर तो बरा झाला असता याची खात्री कोण देणार? मालिका संपल्यावरही तो छोट्या भूमिका करत होताच. 'मॉल फ्लँडर्स'मधली तर त्याच्या मृत्यूनंतर पडद्यावर आली. मला वाटतं "काम करू देणं" आणि "राबवणं" यांतली रेघ बाहेरच्या माणसाला इतक्या लांबून काढता येत नाही.

पण 'व्हॅम्पायर' वाईट आहे. त्याची बाजू मी घेणार नाही.

आणि शेवटच्या हंगामातला 'द डाइंग डिटेक्टिव्ह' सोडून देऊ नका. होम्स मरणपंथाला लागल्याचं नाटक करतो ती कथा. ज्या नटाला खरंच श्वास पुरत नाही तो, श्वास पुरत नसल्याचं सोंग करणाऱ्या माणसाचं काम करतोय. आणि तरी सोंग कुठं संपतं हे तो तुम्हाला नेमकं दाखवतो. शेवटी होम्स उठून बसतो तेव्हा आवाजातली धार परत येते. शरीर साथ देत नसताना कारागिरी शाबूत होती, याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडं नाही.

नावात_काय

इथं सहसा वाचनमात्र असते. माझ्या सख्ख्या भावाला बायपोलर आहे. त्याला ब्रेट आवडतो तो होम्समुळं नाही. १९९५ मध्ये, म्हणजे जायच्या वर्षी, ब्रेटनं बीबीसी रेडिओवरून मॅनिक डिप्रेशन फेलोशिप या संस्थेसाठी आवाहन केलं होतं, स्वतःच्या आजाराबद्दल उघड बोलून. नव्वदच्या दशकात एवढा प्रसिद्ध नट हे रेडिओवर बोलतो, हे भावाला फार मोठं वाटतं. तो म्हणतो, "वेडात होम्स सुचला" असं लोक म्हणतात तेव्हा त्याला राग येतो, कारण त्याच्या स्वतःच्या तेजीच्या दिवसांत त्याला काहीही चांगलं सुचत नाही. नुसते पैसे उडतात आणि माणसं दुखावतात. केतकी, तुझा मुद्दा त्याला वाचून दाखवला. त्यानं +१ द्यायला सांगितलंय.

केतकी_वाचते

दादांना माझा नमस्कार सांग. या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद.

जुना_वाडेकर

हे वाचून मी माझं "व्यसन" मागं घेत नाही, पण आवाज खाली करतो. आता माझ्या बाजूनं एक भर. कोकेनबद्दल. मालिका लहान मुलंही बघतात, पत्रं येतात, म्हणून ब्रेटला होम्सची सुई खटकायला लागली होती. 'द डेव्हिल्स फूट'मध्ये, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, होम्स ती सिरिंज वाळूत पुरून टाकतो. मूळ कथेत हे नाही. मूळाचा एवढा कट्टर असलेला ब्रेट, त्यानं डॉइलची मुलगी डेम जीन यांची परवानगी काढून ते करवून घेतलं. म्हणजे पात्राचं नट ऐकत होता तसं नटाचंही पात्राला ऐकावं लागलं. त्याच भागात विषारी धुरातून शुद्धीवर येताना होम्स वॉटसनला "जॉन!" अशी हाक मारतो. एरवी कधी नाही.

शशांक_९८

कंबरबॅचवाल्या पिढीतर्फे प्रश्न. मला ब्रेट बघायचाय पण ४१ भाग म्हणजे फार झाले. कुठून सुरू करू? आणि वॉटसन मधेच बदलतो म्हणे?

मँचेस्टरवासी

बदलतो. पहिले १३ भाग डेव्हिड बर्क, मग शेवटपर्यंत एडवर्ड हार्डविक. बर्कला लहान मुलाजवळ राहायचं होतं आणि बायकोबरोबर रॉयल शेक्सपिअर कंपनीत काम करायचं होतं, म्हणून त्यानं मालिका सोडली. तो लहान मुलगा म्हणजे टॉम बर्क, 'स्ट्राइक' मालिकेतला डिटेक्टिव्ह.

बेकरी_स्ट्रीट

बर्कच खरा वॉटसन. त्याला होम्सची गंमत वाटते. हार्डविक सतत काळजीत.

केतकी_वाचते

अहो, हार्डविकला काळजी वाटायची कारणं होती! दोघं नॅशनल थिएटरपासूनचे सहकारी. ब्रेट खचला तेव्हा रोज समोर उभा राहणारा माणूस तोच होता. पडद्यावर होम्सकडं बघताना त्याची नजर रेंगाळते ना, त्यातलं किती वॉटसनचं आणि किती हार्डविकचं, हे मला सांगता येणार नाही.

शशांक, क्रम असा घे: आधी 'अ स्कँडल इन बोहेमिया', मग 'द रेड-हेडेड लीग', मग 'द फायनल प्रॉब्लेम' आणि 'द एम्प्टी हाउस' सलग. त्यानंतर १९८८ चे 'सिल्व्हर ब्लेझ' आणि 'द डेव्हिल्स फूट'. इथवर आवडलं तर 'द डाइंग डिटेक्टिव्ह'. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'नं सुरुवात करू नकोस. सगळे तिथूनच करतात, पण तो ब्रेटच्या वाईट काळातला आहे आणि त्याला स्वतःलाही तो समाधानकारक वाटला नव्हता.

शशांक_९८

धन्यवाद ताई. 'बोहेमिया' आणि 'रेड-हेडेड' दोन्ही आज संपवले. हा माणूस गप्प बसलेला असतानाही शांत नसतो. बोटं बघा त्याची!

मँचेस्टरवासी

मग यादीत १९९१ चा 'शॉसकोम ओल्ड प्लेस' पण घाल. त्यात एक अगदी कोवळा पोरगा आहे, ज्यूड लॉ. पुढं २००९ मध्ये मोठ्या पडद्यावर वॉटसन झाला तोच. इथं तो कोणत्या वेशात आहे ते सांगत नाही, रहस्य फुटेल.

बेकरी_स्ट्रीट

फोडा की. डॉइलनंच १९२७ मध्ये फोडलंय.